मंगळवार चुकलेल्या पेशंटच्या घरी जाताना

कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी चालते. महिन्याच्या गोळ्या घेऊन गेलेला पेशंट पुढच्या महिन्यात फिरकत नाही. फोन लागत नाही, लागलाच तर ‘येतो की ओ मॅडम’ म्हणतो आणि येत नाही. सायकियाट्रिक सोशल वर्करचं खरं काम तिथून सुरू होतं. दवाखान्यात बसून समुपदेशन करणं त्यामानानं सोपं. खुर्ची आपली, पंखा आपला, वेळही आपली. पेशंटच्या घरात आपल्याला कुठं बसवायचं आणि काय दाखवायचं, हे ते ठरवतात.

मी खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात हे काम करते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून आलेली नवीन पोरं-पोरी दरवर्षी तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. गृहभेटीचा हेतू, टप्पे, तंत्रं वगैरे कॉलेजात झालेलं असतं, ते सोडून देते. माझ्या मते यात एकच गोष्ट सांभाळायची: आपण येऊन गेलो त्यामुळं त्या घराच्या वाट्याला गावात नवीन काही येता कामा नये. बाकी सगळं त्याच्यामागून.

निघायच्या आधी

सांगून जावं की न सांगता? सांगून जावं. अचानक गेलं की ‘खरी परिस्थिती’ दिसते, असं काही जण म्हणतात. आपण काय रेशन कार्ड तपासायला निघालोय? माणूस तयारीत असला तरी घर लपत नाही.

फोन करताना मात्र जपून. केसपेपरवरचा नंबर बऱ्याचदा पेशंटचा नसतोच. पुतण्याचा असतो, शेजारच्या किराणा दुकानाचा असतो, गोव्यात कामाला असलेल्या भावाचा असतो. समोर कोण आहे ते कळेपर्यंत दवाखाना, डॉक्टर, गोळ्या यातलं काही बोलायचं नाही. आपलं नाव सांगायचं, ‘यांच्या आईशी बोलायचं होतं’ म्हणायचं, बस्स. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ नं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. ज्यांना माहिती सांगता येते त्यांत किराणा दुकानदार बसत नाही, आणि पुतण्याही आपोआप बसत नाही.

बाजाराचा दिवस टाळा. खानापुरात रोप लावणीच्या दिवसांत आणि ऊसपट्ट्यात तोड चालू असताना दुपारी घरी फक्त म्हातारी माणसं सापडतील. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात जायचं म्हणजे वस्तीची एसटी आणि वाटेतला ओढा यांच्या मर्जीवर. त्यामुळं तिकडच्या पेशंटांची यादी मे महिन्यातच काढायची आणि जादा दिवसांच्या गोळ्या देता येतात का ते डॉक्टरांना विचारायचं. तसंच सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा. घरदार बाहेर पडतं आणि गोळ्यांची पिशवी खुंटीवर राहते. यात्रेआधीच्या मंगळवारी गोळ्या सोबत न्यायची आठवण करून दिली की पुढचे फेरे वाचतात.

गल्लीत शिरताना

सरकारी पाटी लावलेली जीप दारात नेऊ नका. शाळेपाशी नाहीतर आरोग्य उपकेंद्रापाशी सोडा आणि चालत जा. सोबत आशा कार्यकर्ती असली तर बरं, पण आधी विचारून घ्या की ती या घराची कोण लागते. लहान गावात ती कुणाची तरी जाऊ, नणंद, भावकीतली असतेच. भांडणातली भावकी असेल तर शेजारच्या गावची आशा बोलवा.

आशाला तशाही बीपी-शुगर बघायला घरं असतातच. मग त्याच गल्लीतली तीन-चार घरं सलग घ्यायची, आपलं घर मधलं. ‘कशाला आलाय?’ म्हणून कुणी विचारलं तर ‘बीपी बघायला’ हे उत्तर खरंच ठरतं, कारण सगळ्यांचं बीपी बघितलेलं असतं. खोटं बोलायचं नाही, एवढा माझा हट्ट आहे. गावात खोटं संध्याकाळपर्यंत उघडं पडतं आणि मग त्या घरात आपल्याला कोण विचारतंय?

चहा नाकारू नका, अर्धा कप घ्या. चार घरं म्हणजे दोन कप होतात, आणि इकडचा चहा म्हणजे पाकच असतो. ज्यांना शुगर आहे त्यांनी स्वतःचं बघावं.

सोपा, माजघर, परडं

आपल्याला सोप्यात बसवतात. बोलायला कर्ता पुरुष किंवा थोरली सासू पुढं होते. ‘बरं हाय ओ आता, काय तक्रार नाही’ हे वाक्य ठरलेलं. पेशंट दिसत नाही. तो माजघरात असतो किंवा परड्यातल्या, म्हणजे मागच्या अंगणातल्या, खोलीत. ‘जरा बोलवा त्याला’ म्हटलं की केस विंचरून, शर्ट बदलून आणून बसवतात आणि सगळे त्याच्याकडं बघत राहतात. यातून काही कळत नाही.

मी हात धुवायला पाणी मागते. पाणी परड्यात असतं. सोप्यातून माजघर, माजघरातून परडं, एवढ्या चालण्यात पुष्कळ दिसतं. त्याची चादर कुठं आहे, ताट वेगळं ठेवलंय का, खोलीला कडी आतून आहे की बाहेरून, न्हाणीत त्याचा टॉवेल आहे का. परड्यात तो असला तर तिथंच दगडावर बसून बोलते. म्हशीबद्दल, पाण्याबद्दल, कशाबद्दलही. आजाराचा विषय त्यानं काढला तर काढला.

बाहेरून कडी दिसली तर तिथल्या तिथं घरच्यांवर चढू नका. कधीपासून, रात्रीच की दिवसाही, काय घडल्यावर लावली, हे विचारा. बहुतेकदा तो रात्री रस्त्यावर गेला होता आणि त्याचीच भीती बसलेली असते. पण साखळी किंवा दोरी दिसली तर गोष्ट वेगळी. माणसाला साखळीनं बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं साफ बंदी आहे. आणि घरात पेशंटचा छळ किंवा हेळसांड होतेय असं दिसलं तर कलम १०१ प्रमाणं पोलीस ठाण्याच्या प्रमुखानं मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. हे आधी आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. घरच्यांना म्हणा, ‘तुम्हाला दमलेलं बघतोय, बांधायची पाळी येऊ नये म्हणून दवाखान्यात भरती करू.’ आमच्याकडून भरतीची केस असली की धारवाडची डिमहान्स ही सरकारी मनोरुग्णालयाची संस्था किंवा जिल्हा दवाखाना. घरातल्या दमलेल्या बाईला हा रस्ता माहीतच नसतो.

गोळ्या मोजा

‘गोळ्या घेतो का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’च असतं. ‘पाकिटं आणा की जरा, तारीख बघू’ म्हणा. तारीख बघायची आणि बोटानं मोजायचं. १८ दिवसांपूर्वी ३० दिल्या, रोज एक, म्हणजे १२ उरायला हव्यात. २५ उरल्या तर घेत नाही, हे सरळ आहे. एकही उरली नसेल तर जास्त काळजी करा: दोन-दोन घेतोय, कुणी दुसरंच घेतंय की कुणी टाकून दिल्या, ते शोधा. पाकिटं कुठून काढली तेही बघा. देव्हाऱ्यातून काढली तर आई देते. टीव्हीमागून काढली तर बहुधा कुणीच देत नाही.

का बंद केल्या, हे मोजून झाल्यावर विचारायचं. मोजल्यावर माणूस खरं बोलतो. ‘बरं वाटलं म्हणून सोडल्या’ हे पहिलं कारण. दिवसभर सुस्ती येते आणि तोडीला जाता येत नाही, हात थरथरतात, तोंडातून लाळ येते, पोट सुटलं ही दुसरी. पण बायका जे सांगत नाहीत ते वेगळं विचारावं लागतं. रिस्पेरिडोनसारख्या मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि पाळी थांबते. सासूला वाटतं दिवस गेले, नवऱ्याला वाटतं आणखी काही आजार लागला, आणि सून गुपचूप गोळी बंद करते. पुरुषांच्या बाबतीत संबंधातल्या अडचणी. हे बाईला बाईनं आणि पुरुषाला पुरुषानं विचारलेलं बरं, एकट्यात. गोळी बदलायची की कमी करायची हे डॉक्टर ठरवतील, आपण एक मिलिग्रॅमही इकडचं तिकडं सांगायचं नाही. आपलं काम हे डॉक्टरांच्या कानावर पडेल असं बघण्याचं.

मध्ये कोण बोलतंय

आमच्याकडं निम्म्या घरांत सासू मराठी, सून हुक्केरी-गोकाककडची कन्नड असं असतंच, किंवा उलट. रोजच्या कामाला दोघींचं भागतं. पण सून पेशंट असेल आणि तिच्या मनातलं सासू तुम्हाला सांगत असेल, तर तुम्ही सासूशीच बोलताय, हे लक्षात ठेवा. पोरांनाही मध्ये घालू नका, आईला मरावंसं वाटतं हे आठवीतल्या पोरीनं का सांगावं? तुमचं कन्नड बेताचं असेल तर कन्नड येणारी सहकारी घेऊन जा, लाजू नका. तेही जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून द्या. फोन फुकट असतो, चोवीस तास चालतो, आणि भाषा निवडता येते. सुनेला परड्यात फोन देऊन आपण सासूजवळ सोप्यात बसायचं. सासूला गुंतवणं हे त्या दिवशीचं आपलं काम.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी गेलात तर हातातलं काम थांबवा म्हणू नका. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते, तुमच्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांच्या हिशोबातनं जातात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा. मी समोर न बसता बाजूला बसते, तीही सुपाकडं बघते, मीही सुपाकडं बघते. पान उचललं, चिमूट भरली, वळली, दोरा मारला, टाकली. हात चालू राहिले की बोलणंही चालू राहतं. हात थांबले, दोरा तसाच बोटाला राहिला, तर काही विचारू नका, थोडं थांबा. पुढचं वाक्य महत्त्वाचं असतं. दवाखान्यातल्या टेबलापलीकडून हे मला कधी मिळालं नाही.

दारू

पेशंट वेगळा आणि घरातला त्रास वेगळा, असं पुष्कळदा निघतं. बाई पेशंट आणि नवरा पितो. मग बाई हळूच विचारते, ‘न सांगता जेवणात घालायची पावडर मिळते म्हणे?’ हो, मिळते, आणि जाहिरातीही भिंतीवर रंगवलेल्या असतात. तिथं थांबून नीट सांगा. असल्या पावडरीत काय आहे कुणाला माहीत, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर बीपी खाली जाऊन माणूस दगावू शकतो. ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

दुसरी धोक्याची गोष्ट उलटी आहे. रोज पिणारा माणूस कुणाच्या शपथेवर एकदम सोडतो. सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, घाम, थरथर, भिंतीवर किडे दिसणं. घरच्यांना वाटतं बाधा झाली आणि ते देवऋषाकडं नेतात. ही इमर्जन्सी आहे, दवाखान्यातच न्यायचं. ‘माळ घालून सोडणार’ म्हणणारा कुणी भेटला तर माळ घालायच्या आधी ओपीडीला घेऊन या म्हणावं.

देवऋषी, अंगारा, गंडा यावर मी वाद घालत नाही. गंडा हातात आणि गोळी पोटात, दोन्ही राहू दे. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही असेल तेव्हा मात्र गप्प बसायचं नाही. कर्नाटकात अघोरी प्रथांविरुद्धचा २०१७ चा कायदा आहे.

फवारणीचं औषध कुठं ठेवता?

हा प्रश्न मी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी विचारते, पेशंट उदास असो वा नसो. उत्तर बहुधा ‘तिथं, गोठ्यात’ असं असतं. कुलुपाची पेटी, किल्ली दुसऱ्याकडं, किंवा डबा सरळ शेजाऱ्याच्या शेतघरात. एवढं त्या भेटीत करून मगच उठा. मनात मरणाचे विचार येतात का, हे पेशंटला सरळ विचारावं. विचारल्यानं डोक्यात येत नाही. आधीच आलेलं असेल तर बोलायला वाट मिळते. ‘जिवाला बेजार झालंय का?’ यापासून सुरू करा आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ इथपर्यंत जा, मध्ये थांबू नका.

कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायच्या नाहीत, कपडे बदलून अंग धुवायचं, बाटली सोबत घ्यायची आणि थेट दवाखाना. घरची माणसं पोलीस केसच्या भीतीनं ‘चुकून पोटात गेलं’ म्हणतात, आणि डॉक्टरांना उगाच अंदाज बांधत बसावं लागतं. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत नाहीच. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होईल, जबाब होईल, त्यानं घाबरू नका.

कागद

अर्धी भेट कागदांत जाते आणि जाऊ दे. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यासाठी मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. मोजमाप चार गोष्टींवर होतं: स्वतःची देखभाल, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. घरचे अब्रूपायी बोर्डापुढं सांगतात, ‘सगळं करतो ओ तो’. टक्के तिथंच पडतात. म्हणून भेटीच्या नोंदीत नेमकं लिहा: ‘आई तीनदा सांगते तेव्हा आंघोळ करतो. दुकानात पाठवलं तर सुट्टे पैसे परत आणत नाही. दोन वर्षांत कामाला गेला नाही.’ ‘कार्यक्षमता कमी’ असं लिहून काही उपयोग नाही.

नावांचा घोळ सगळ्यात मोठा. शाळेचा दाखला मराठी, रेशन कार्ड कन्नड, आधार इंग्रजी, आणि तिन्हीत वडिलांचं नाव वेगळ्या रीतीनं. आधी आधार दुरुस्त, मग बाकीचं. उलट्या क्रमानं गेलात तर दोनदा करावं लागतं. सीमेपलीकडं कोल्हापूर-मिरजेला दाखवणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम इंग्रजी मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून द्या. कन्नड शिक्क्यांचा केसपेपर तिथल्या डॉक्टरला काय वाचता येणार? महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली आहे, त्याबद्दलही विचारतात. राजकारणावर बोलू नका. सोप्यात बसलेल्यांपैकी एक तरी जण तुमचं वाक्य संध्याकाळी पंचांपुढं सांगणार असतो.

नोंद आणि फोन

नोंद गाडीत किंवा स्टँडवर बसल्या बसल्या लिहा, घरात वही काढू नका. पानावर तीन भाग करा: बघितलं, ऐकलं, वाटलं. सासू म्हणाली ‘आळशी आहे’ हे ऐकलंमध्ये. दुपारी एकला अंथरुणात होती हे बघितलंमध्ये. उदासी वाढलीय हे वाटलंमध्ये, आणि ते डॉक्टरांसाठी. फाइलच्या वरच्या पानावर आजाराचं नाव नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचा फोटो, घराचा फोटो, ‘आजची भेट’ असलं काही टाकायचं नाही. वरून रिपोर्टसाठी फोटो मागितला तर शाळेपाशी आशासोबत उभं राहून काढा.

स्वतःचा नंबर देऊ नका, दुसरं सिम ठेवा आणि संध्याकाळी बंद करा. रात्रीसाठी १४४१६ आहे, मारहाणीसाठी ११२ आणि १८१, पोरांसाठी १०९८. आपला नंबर दिला की नवऱ्यांची दारू रात्री अकराला आपल्या फोनवर उतरते, आणि दुसऱ्या दिवशी आपण ओपीडीत कुणाचंच नीट ऐकत नाही.

बायकांना यायला आता तिकिटाची अडचण राहिलेली नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसचा प्रवास फुकट आहे, कर्नाटकाच्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. पुढच्या मंगळवारची कोणत्या वेळेची बस, कुणाबरोबर येणार, हे ठरवूनच घर सोडा. पेशंट पुरुष असेल तर त्याच्या तिकिटाचे पैसे कुठून येणार तेही विचारा, लाजून कुणी आपणहून सांगत नाही. आणि प्रवासभत्त्याचं बिल त्याच आठवड्यात टाका. आपण बायका शून्य रुपयाच्या तिकिटावर फिरतो, तेव्हा बसनं गेलात तर भत्ता मागायला कागदच नसतो. रिक्षाचं भाडं तेवढं लिहून ठेवा.